मिरजेतला एक दिवस: तुम्ही काय पाहिलंत, काय ऐकलंत?

धागाकर्ता
कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो. परतीची गाडी रात्री मिरजेहून होती, म्हणून सकाळीच मिरजेत येऊन दिवसभर उंडारलो. सतारमेकर गल्लीत एका दुकानात डोकावलो आणि तिथंच अडकलो. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, कानस फिरवत होते. तार छेडायची, कान लावायचा, दोनदा कानस, पुन्हा तार. अर्धा तास हेच चाललं होतं. मला काही फरक कळेना. मग त्यांनी तारेखाली सुती दोरा सरकवला आणि इतका वेळ ठणठणणारा आवाज एकदम उमलला. "ही जवारी," एवढंच बोलले. म्हणजे तारेचा हा भरलेला, गुंजणारा नाद. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, ते चांगले वाळल्याशिवाय हात लावायचा नाही. ही कला सुरू करणारे मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारी गेल्या, तारा आल्या. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

तुम्हीही मिरजेत एखादा दिवस काढला असेल तर सांगा. गाणं, खाणं, इतिहास, काहीही चालेल.

रूळकरी
वडील रेल्वेत, त्यामुळे माझी मिरज म्हणजे जंक्शन. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि लातूरकडची नॅरोगेज, तिन्ही रूळ लहानपणी एकाच स्टेशनात पाहिलेत. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची गाडी गेली, तीही इथूनच.

सुट्टीत गेलो की दर्ग्यात जातो. ख्वाजा मीरासाहेबांच्या आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. जन्म कैराण्याचा, घर केलं मिरजेत. मद्रासहून पाँडिचेरीकडे निघाले असताना २७ ऑक्टोबर १९३७ ला सिंगापेरुमाळकोईल स्टेशनवर त्यांनी प्राण सोडला. वडील हे दरवेळी सांगायचे आणि दरवेळी 'स्टेशनवर' या शब्दाशी थांबायचे.

बुरूजबाज
माझा दिवस थोडा फसला. किल्ला बघायचा म्हणून गेलो आणि किल्ला शोधतच राहिलो. शिवाजी महाराजांनी अफझलखान वधानंतर याला वेढा घातला होता, सिद्दी जौहर आल्यावर मार्च १६६० मध्ये तो सोडून पन्हाळा गाठला. हे सगळं डोक्यात घेऊन गेलो तर समोर कचेऱ्या आणि दुचाक्या! किल्ला गावात मुरलाय म्हणा हवं तर. रिक्षावाल्या काकांना विचारलं, "किल्ला कुठाय?" ते म्हणाले, "तुम्ही उभं हाय की किल्ल्यात."

चमचमीत
इतिहास तुम्ही बघा. मी भडंग आणलं, दोन किलो. ते सांगलीचं खरं की जयसिंगपूरचं यावर गाडीत भांडण झालं, तोवर एक पुडा संपला. वेळ असेल तर वाकडी वाट करून नरसोबाच्या वाडीची बासुंदी खा.

खर्ज
@रूळकरी, खाँसाहेबांच्या स्मृतीची सभा उरुसात होते, तेव्हा जा. दर्ग्यातल्या चिंचेखाली रात्रभर गाणं असतं, तिकीट नाही, बिदागीचा बडेजाव नाही. या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. मी जिथं बसले होते तिथं एका बाजूला गवंडीकाम करणारे एक मामा होते. तराण्याला समेवर त्यांची मान माझ्याआधी पडत होती, आणि मी विशारद!

दुसऱ्या दिवशी जनानी, म्हणजे बायकांच्या आवाजाचा, तंबोरा घेतला. खरं तर नुसता बघायला गेले होते. परतताना वरच्या बर्थवर तो झोपला, मी रात्रभर खाली बसून. समोरच्या आजींनी खोळीवरून हात फिरवत विचारलं, "आत म्हातारी बसलीय का गं? टुणूक टुणूक?" पुण्यापर्यंत डब्यात हेच.

घरी आले तर चारातला एक दोरा गायब. जो सापडला तो लावला, तार बोंबलायला लागली. संध्याकाळी दुकानात फोन केला. चाचा म्हणाले, "भरतकामाचा लावलाय काय? रिळाचा साधा घ्या." घेतला. फोन तारेजवळ धरायला लावला. "सरकवा. अजून. केसभर मागं या आता." मग पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. तेवढ्यात म्हणाले, "असू दे आता. हात लावू नका."