प्यायल्यावर समोरचा देखणा दिसतो का? धाब्यावर जाऊन मोजायचं आहे

गोदाकाठ (नांदेड)
एम.ए. मानसशास्त्राचा प्रकल्प आहे. प्यायल्यावर समोरचा चेहरा जास्त देखणा वाटतो का, हे तपासायचंय. बेत असा: हायवेवरच्या दोन धाब्यांवर संध्याकाळी बसायचं, २० फोटो दाखवून १० पैकी मार्क घ्यायचे, किती बाटल्या झाल्या ते विचारायचं आणि पिलेले-न पिलेले यांची सरासरी ताडून बघायची. जमेल का? आधी यात काय निघालंय?

मांजरातीर (लातूर)
आधी काय निघालंय ते सांगतो, कारण त्यातच तुमच्या बेताची दुरुस्ती आहे. २००३ साली स्कॉटलंडमधल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात पिलेल्यांनी भिन्नलिंगी चेहऱ्यांना जास्त मार्क दिले. २००८ ला ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत स्त्री-पुरुष दोन्ही चेहऱ्यांचे मार्क वाढले. पण पुढे त्याच शहरातल्या पबमध्ये ३०० वर लोकांना विचारलं, तर फरक सापडला नाही.

२०२३ चा अमेरिकेतला प्रयोग नीट वाचा. मित्रांच्या १८ जोड्या, रक्तात अल्कोहोल साधारण ०.०८ टक्के. मार्क हलले नाहीत. मात्र 'यातल्या कुणाला भेटायला आवडेल' म्हटल्यावर स्वतःच्याच यादीतल्या सर्वांत देखण्या चौघांपैकी कुणाला तरी निवडायची शक्यता पिलेल्या अवस्थेत १.७१ पट निघाली. म्हणजे डोळा तोच राहतो, भीड चेपते. तुम्ही नुसते मार्क घेतले तर हे हातातून निसटेल. मार्कांनंतर दुसरा प्रश्न ठेवाच: 'यातल्या कोणत्या चौघांशी ओळख करून घ्याल?'

खाम_किनारा (छत्रपती संभाजीनगर)
'किती बाटल्या' हे माप नव्हे. पोटात गेलेल्या अल्कोहोलचे ग्रॅम काढा: मिली × टक्के ÷ १०० × ०.७९ (अल्कोहोलची घनता).

६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम. ५ टक्क्यांची माइल्ड, २६ ग्रॅमच्या आतबाहेर. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीची नाइंटी (९० मिली) ३० ग्रॅम, क्वार्टर (१८० मिली) ६१. म्हणजे 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा नाइंटीवाल्याच्या पुढे असतो, आणि तुमच्या वहीत दोघांच्या नावावर 'एक' लागतं. ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ०.४ ग्रॅम वगैरे. ६० किलोच्या माणसाला २४ ग्रॅम, जवळपास एक माइल्ड. म्हणून वजन विचारा, आणि पहिला घोट किती वाजता घेतला तेही. शरीर तासाला सुमारे ७-८ ग्रॅम जाळतं. तीन तासांत रिचवलेली क्वार्टर आणि अर्ध्या तासातली क्वार्टर एक नाही.

फुंकायचं मीटर वापरणार असाल तर शेवटच्या घोटानंतर १५ मिनिटं थांबा. तोंडात राहिलेल्या दारूने आकडा फुगतो. स्वस्त सेमीकंडक्टर मीटर लवकर भरकटतं, कॉलेजातून फ्युएल सेलवालं मिळालं तर बघा.

बालाघाटी (बीड)
मुळात तुलनाच चुकलीय. धाब्यावर न पिणारा कोण? ड्रायव्हर, नाहीतर लेकरंबाळं घेऊन जेवायला थांबलेला. त्याची आणि सहापासून मैफल जमवून बसलेल्याची तुलना केली तर फरक दारूचा की माणसांचा, कोण सांगणार?

त्यापेक्षा एकाच माणसाला दोनदा विचारा, पहिल्या घोटाआधी आणि ४५ मिनिटांनी. पण तेच फोटो परत दाखवू नका. ओळखीचा झालेला चेहरा तसाही बरा वाटतो. १०-१० चे दोन संच करा, निम्म्यांना अ आधी, निम्म्यांना ब. त्याच टेबलावर थम्सअप पिणारे काही जण घेऊन तेवढ्याच अंतराने त्यांनाही विचारा. मोबाइलचा ब्राइटनेस ठरावीक ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखाली एक आणि बल्बखाली एक असं व्हायचं.

'आपण प्यायलोय' या समजुतीचा परिणाम मात्र तुम्हाला वेगळा काढता येणार नाही. त्यासाठी बिनदारूचं पेय देऊन, ग्लासच्या कडेला थोडी दारू लावून फसवावं लागतं. फ्रान्समध्ये असं केलं, तेव्हा दारू मिळाल्याचं ज्यांना सांगितलं होतं ते स्वतःला जास्त आकर्षक समजले, पोटात थेंब असो वा नसो. त्यांना बघून मार्क देणाऱ्या परीक्षकांना तसं काही दिसलं नाही. २०१३ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) त्यालाच.

मांजरातीर (लातूर)
आणि धाबा सोडाच. परवाना नसलेल्या जागी पिणाऱ्या गिऱ्हाइकावरही गुन्हा होतो, तुमची वही तिथे पुरावा ठरेल. परमिट रूम गाठा. वयाची २५ वर्षं पूर्ण असलेलेच घ्या. संमतीची सही पहिल्या घोटाआधी, नंतरची सही धरू नका. फोटो वर्गातल्या मुलींचे नकोत, इन्स्टावरचे तर नकोतच. संशोधनासाठी परवानगीने मिळणारे चेहरासंच असतात, ते मागवा.

गोदाकाठ (नांदेड)
परमिट रूम पक्की, बाटल्या खोडून ग्रॅम केले. मीटरवर कुणाचा आकडा जास्त आला आणि तो गाडीवर निघाला तर?

खाम_किनारा (छत्रपती संभाजीनगर)
कायद्याची हद्द १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. तुमच्या माइल्डवाल्या ६० किलोच्या माणसाचीही ती ओलांडते. संमतीपत्रातच लिहून घ्या, 'गाडीची चावी फोटोंआधी जमा, सोबत न पिणारा असेल तरच परत.' चावी देईना त्याला यादीतून वगळा.