फिल्टरवरच्या '९९.९%'चा अर्थ काय लावायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गावी आई-बाबांसाठी विजेशिवाय चालणारा फिल्टर घ्यायचाय. पाणी विहिरीचं, पावसाळ्यात गढूळ. सगळ्याच खोक्यांवर '९९.९% जंतू नष्ट' असं ठोकून दिलंय, पण कुठले जंतू? जागतिक आरोग्य संघटनेच्या घरगुती फिल्टरांच्या मूल्यमापनात तीन तारे (सगळ्यात वरची श्रेणी) मिळायला जिवाणू ९९.९९%, विषाणू ९९.९९९% आणि जिआर्डियासारखे आदिजीव ९९.९९% कमी व्हावे लागतात. मला धास्ती विषाणूंची. ते इतके बारीक की साध्या कँडलमधून सहज निसटतात. एचटूएसची बाटली (पाण्यातले जिवाणू तपासायची घरगुती चाचणी) लावून बघेन (पाणी काळं झालं की दूषित), पण तिला विषाणू कळत नाहीत. कंपनीकडे टेस्ट रिपोर्ट मागितला तर त्यात नेमकं काय बघू? चाचणी गढूळ पाण्यावरही झाली होती का, हे त्यातून कळतं का? तोवर उकळूनच पितायत.