घरच्या मोठ्यांच्या फोनची राखण: काय करून ठेवता, कुठे फसतं?

पारंबी
काल सोसायटीच्या ग्रुपवर 'शुभविवाह निमंत्रण.एपीके' अशी फाईल येऊन पडली. पाठवणारा नंबर ओळखीच्या काकांचाच. पाहिल्यावर पासबुकाच्या पुठ्ठ्याआड एटीएमचा पिन लिहून ठेवायचे ते दिवस आठवले. निदान ते पासबुक कपाटात कुलपात असायचं.

पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. ते बसवताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण 'अलाऊ' दाबलं की ओटीपी परस्पर चोराकडे जातात, आणि तीच पत्रिका आपल्या नावाने सगळ्या ओळखीपाळखीत वाटली जाते. काकांचं हेच झालं असणार. फाईल नुसती आलीय, बसवली नाही, तर घाबरू नका. पुसून टाका.

अँड्रॉइडवर एक बंदोबस्त आधीच करता येतो. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'अननोन ॲप्स' टाका. यादीत व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स यांच्यापुढचं बटण बंद करा. तुम्ही आणखी काय काय करून ठेवता, लिहा.

रानजाई
बसवलंच असेल तर क्रम सांभाळा. आधी मोबाइल डेटा आणि वायफाय, दोन्ही बंद. एअरप्लेन मोड लावला तरी काही फोनांत वायफाय चालूच राहतं, वरची खूण बघून खात्री करा. मग सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, म्हणजे पुढचे ओटीपी तिकडे येतील. बँकेला फोन तिथूनच, पासवर्डही तिथूनच बदला. घाबरून त्याच फोनवर पासवर्ड बदलला की नवाही चोराला आयता मिळतो.

ॲप काढणं त्यानंतर. पडद्यावर आयकॉन बहुतेक दिसत नाही, सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत शोधा. 'अनइन्स्टॉल' पुसट दिसत असेल तर ते डिव्हाइस ॲडमिन, म्हणजे फोनवर जादा अधिकार असलेलं ॲप, होऊन बसलंय. 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स'मध्ये जाऊन त्याची खूण काढा, मग निघतं. तरी निघालं नाही तर सेफ मोडमध्ये (यात नंतर बसवलेली ॲप्स चालत नाहीत) फोन सुरू करून काढा.

लिंबूटिंबू
काकांना कुणी बोलू नका रे. आमच्याही एका ग्रुपवर असंच झालं की सगळे तुटून पडतात. मग माणूस लाजेने गप्प बसतो आणि पहिले दोन तास तिथेच जातात.

नागमोडी
+१ लिंबूटिंबू

गोदाकाठ
फॅक्टरी रीसेट, म्हणजे अख्खा फोन कोरा करायची घाई नको. त्याआधी मेसेज, आलेली फाईल, ॲपचं नाव यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून घ्या, तक्रारीला लागतात.

आणि कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं, रीसेटने जात नाही! ते फोनमध्ये नसतंच, कंपनीच्या नेटवर्कवर बसलेलं असतं. *#२१# लावून तपासा, ##००२# लावून सगळं रद्द करा. 'तुमचं पार्सल अडकलंय, हा कोड डायल करा' म्हणून *४०१* किंवा २१* आणि पुढे दहा आकडी नंबर देतात. तो लावला की आपले कॉल त्यांच्याकडे. व्हॉट्सॲपचा कोड कॉलवरही मागवता येतो, तो तिकडे ऐकला जातो आणि खातं गेलं.

रानजाई
यावरच उपाय: व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन', सहा आकडी पिन. ईमेल जोडायला विसरू नका. ईमेल नसताना पिन विसरलात तर सात दिवस थांबावं लागतं. जन्मतारीख नको पिनला.

चिंचपेटी
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा वगैरेची ओळख, लॉक करा. आधारवरून पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढंच लागतं, ओटीपी येतच नाही. दस्तांवरून ठसे उचलून रबरी अंगठे केल्याची प्रकरणं झालेली आहेत. आधारच्या सरकारी ॲपमध्ये लॉकची सोय आहे.

तांबडंफुटलं
ताई, मग रेशनला अंगठा कसा लागणार? आमच्या गावात दुकानदार आधीच कुरकुरतो.

चिंचपेटी
नाही लागणार दादा. मशीनवर ३३० नंबरची एरर येते आणि दुकानदार म्हणतो बोटं झिजलीत. दुकानाच्या दारात तात्पुरतं अनलॉक करा, दहा मिनिटं उघडं राहतं, मग आपोआप बंद. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यालाही तसंच. ज्यांना दर महिन्याला दुसऱ्या कुणाकडून हे करून घ्यावं लागतं त्यांनी विचार करूनच लॉक लावावं, नाहीतर धान्यावाचून परत यायची वेळ येते.

शिट्टी झाली, येते.

नागमोडी
झेरॉक्सला 'मास्क्ड' आधार द्या, शेवटचे चारच आकडे दिसतात. डाउनलोड केलेल्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल, ओळखीच्या कुणालाही जमेल. म्हणून नेट कॅफेत काढलीत तर डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन, दोन्हीतून पुसूनच उठा.

केळफूल
लाडकी बहीणच्या ई-केवायसीची लिंक खरी की खोटी कसं ओळखायचं? शेजारणींना दाखवायचंय.

नागमोडी
'//' च्या पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवट 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' असाच हवा. 'लाडकीबहीण-महाराष्ट्र-गव्ह डॉट कॉम' असं असेल तर खोटं, कारण नाव कितीही सरकारी वाटलं तरी शेवट डॉट कॉमचा आहे. ई-चलनाच्या लिंकलाही हाच नियम, तिथे 'गव्ह डॉट इन'च पाहिजे.

खिडकीतून
पैसे गेलेच तर १९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या: रक्कम, वेळ, कोणत्या खात्यातून, आणि यूपीआयचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर. यूटीआर ॲपच्या इतिहासात त्या व्यवहारावर टिचकी मारली की दिसतो. त्यावरून पैसे पुढे कुठे सरकले ते शोधून ते खातं गोठवता येतं. चोर काही मिनिटांत पाच-सहा खाती फिरवतात, म्हणून आधी १९३०, पोलीस ठाण्याची चक्कर नंतर.

बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक, वेळ टिपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं ठरलं होतं की चूक आपलीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर भुर्दंड नाही. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. शाखेत 'उद्या या' म्हणाले तर ईमेल टाका, त्यावर वेळ उमटते.

पारंबी
खिडकीतून, फार मोलाचं. प्रिंट काढून लिफ्टशेजारी लावते.

तांबडंफुटलं
सिम काढून दुसऱ्यात घालायचं म्हणताय, घरी जुना बटणाचा फोन आहे. चालेल ना?

रानजाई
सिम जिओचं असेल तर टूजी फोनमध्ये नाही चालणार, त्यांचं टूजी नेटवर्कच नाही. फोरजीवाला बटणाचा फोन लागेल. आणि आताचं सिम नॅनो असतं, जुन्या खाचेत सैल बसतं आणि आत सरकून अडकतं. ॲडॉप्टरची चौकट आजच आणून फोनच्या डब्यात ठेवा.

केळफूल
सिमची ती पिन कधी वेळेला सापडत नाही 😄

रानजाई
स्टेपलरची मोठी पिन सरळ करून चालते, नाहीतर कानातल्याची तार. फक्त ट्रेच्या खाचेला लागून असलेलंच भोक बघा, खालचं माइकचं असतं.