विषय: दिवाळी फराळ, १४ नोव्हेंबर – हवामानाचं काय?

सचिव, डेन्व्हर (कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी,
हॉलवाला विचारतोय, १४ तारखेचा शनिवार पक्का करू का? ३० ऑक्टोबरनंतर रद्द केलं तर अनामत बुडाली. कॅन्ससहून दोन आणि शायानहून (वायोमिंग) तीन कुटुंबं यायची आहेत, शिवाय किल्ल्यांची स्पर्धा बाहेर अंगणात ठरली आहे. नोव्हेंबरचा काही अंदाज?

फोर्ट कॉलिन्सहून

हवामान खात्याचा तीन महिन्यांचा नकाशा पाहिला. आपला सगळा भाग केशरी, म्हणजे सरासरीपेक्षा उबदार. डोळे झाकून बुक करा!

काका, ऑरोरा

अरे बाळा, डोळे उघडून नकाशा वाच. त्यात तीनच खाने असतात: उबदार, सरासरीइतकं आणि थंड. काहीच सांगता येत नसेल तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला तेहतीस टक्के. फिकट केशरी म्हणजे उबदारचा वाटा तेहतीसवरून चाळीसच्या आसपास गेला, एवढंच. उरलेले साठ कुठे गेले? आणि हा हिशेब तीन महिन्यांच्या सरासरीचा. अख्खा महिना स्वेटरशिवाय जाईल आणि नेमक्या आपल्या शनिवारी फूटभर बर्फ पडेल, तरी नकाशा खरा तो खराच.

इथला हिवाळा पंचांग बघून येत नाही. २०२० साली ७ सप्टेंबरला डेन्व्हरचा पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर होता आणि दुसऱ्या दिवशी बर्फ. पुढच्याच वर्षी पहिला बर्फ पडायला १० डिसेंबर उजाडला. एरवी तो ऑक्टोबरच्या मध्यावर हजेरी लावून जातो.

मी एकच गोष्ट बघतो, वारा कुठून येतोय. पश्चिमेचा असेल तर तो आपलं पाणी रॉकीज डोंगररांगेच्या पलीकडेच सांडून येतो. महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावात धुरळा, तसे आपण माणदेशी. वर तो वारा डोंगर उतरताना दर किलोमीटरला दहा अंश सेल्सिअसने तापतो. तोच चिनूक. सकाळी गोठलेलं अंगण दुपारी वाहायला लागतं.

पण आग्नेय कोलोरॅडोवर कमी दाबाचा पट्टा येऊन बसला की त्याच्या उत्तरेला वारा पूर्वेचा होतो. कॅन्ससपासून डेन्व्हरपर्यंत जमीन सपाट दिसते, पण ती चढत असते. पश्चिम कॅन्ससमधलं गुडलंड ११०० मीटरच्या थोडं वर, आपण १६०९. दमट हवा तो चढ चढते, थंड होते, डोंगराला येऊन अडते आणि मग आपणच कोकण. १९९७ च्या ऑक्टोबरअखेरचं वादळ असंच होतं. विमानतळावर हजारो लोक अडकले होते.

हा पट्टा कुठून जाणार हे चार-पाच दिवस आधी जरा कळू लागतं, त्याच्या आधी नाही. आज विचारून उपयोग नाही.

वहिनी, कोल्बी (कॅन्सस)

काका, तुमचं कोकण परवडलं, आम्हाला वाऱ्याची धास्ती. मागे एकदा तुमच्याकडे येताना लायमनला आय-७० महामार्गाचं फाटक बंद झालं. बर्फ केव्हाच थांबला होता, वर निळंशार आकाश. पण वारा शेतातला बर्फ उचलून रस्त्यावर लोटत होता, पुढच्या ट्रकचे दिवेसुद्धा दिसेनात. मोटेलच्या लॉबीत रात्र काढली. मंडळासाठी केलेल्या चकल्या ट्रक ड्रायव्हरांनी संपवल्या, आणि एकाने रेसिपीही विचारली. दुसऱ्या दिवशी दुपारी डेन्व्हरला पोचलो तर पागोळ्या गळत होत्या!

एक विनंती. घड्याळं १ नोव्हेंबरला मागे जातात, त्यामुळे पावणेपाचला तुमच्याकडे सूर्यास्त. आमचं घड्याळ तुमच्यापेक्षा तासभर पुढे, घरी पोचायला दोनशेच्या वर मैल. संध्याकाळचा कार्यक्रम ठेवलात तर आम्ही येणार नाही, आत्ताच सांगते.

शायानहून

वहिनींना दुजोरा. आमच्याकडे तर बर्फ नसतानाही नुसत्या वाऱ्यामुळे उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. आणि बाहेर फुलबाज्या-अनार नकोत. गवत वाळून कोरडंठाक झालेलं असतं. बोल्डर काउंटीत ३० डिसेंबर २०२१ ला अशाच वाऱ्यात हजारावर घरं जळाली.

सचिव

ठरलं तर मग. तारीख १४, वेळ सकाळी ११ ते ३. पणत्या आतच, फुलबाज्या रद्द (पोरांना मी सांगणार नाही, ज्याची त्याने सांगा). बुधवारी ११ तारखेला रात्री काका बोल्डर, गुडलंड आणि शायान या तिन्ही हवामान कचेऱ्यांचे अंदाज वाचून इथे लिहितील. 'वॉच' (वादळाची शक्यता) असेल तर बाहेरगावच्यांनी आपापलं बघून ठरवावं, 'वॉर्निंग' (वादळ जवळपास नक्की) आली तर कार्यक्रम पुढे ढकलू. अनामतीचं हॉलवाल्याशी बोलते. रस्ते बंद असतील तर निम्मी तरी परत दे म्हणावं.

फोर्ट कॉलिन्सहून

मान्य, काका. पण किल्ले?

काका

किल्ले आत, ताडपत्री अंथरून. माती मात्र याच आठवड्यात खणून गॅरेजमध्ये ठेवा. नंतर जमीन गोठली की फावडं टणकन वाजतं, आणि दुकानातल्या पिशवीतल्या मातीचा बुरूज उभा राहत नाही, मी करून बघितलाय.