मदत हवी आहे: चंद्रतालला स्वतःच्या तंबूत दोन रात्री, मुक्कामांचा क्रम बरोबर आहे का?

नमस्कार. आम्ही नागपूरचे. मी, नवरा (वय ५१, बीपीची गोळी चालू) आणि सोळा वर्षांची मुलगी. सप्टेंबरात हिमाचलमधल्या स्पितीतल्या चंद्रताल तलावाला पुन्हा जायचं आहे. पुन्हा म्हणते, कारण गेल्या वर्षी तिथे एक रात्रही पूर्ण निघाली नाही.

तेव्हा मनालीहून (सुमारे २,००० मीटर) पहाटे निघालो आणि संध्याकाळी जवळपास ४,३०० मीटरवर तंबू ठोकला. नागपूर जेमतेम ३१० मीटरवर. तंबूत राहायचा आमचा अनुभव पचमढीकडचा, आणि तिथलं धूपगड, सातपुड्यातलं सर्वात उंच शिखर, तेही १,३५० मीटरच्या आसपास. अटल बोगद्यामुळे रोहतांग चढावा लागला नाही, प्रवास सोपा वाटला, उंचीचा विचार डोक्यातच आला नाही.

रात्री नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलं. थकवा असेल म्हणून चहा दिला. अकराच्या सुमारास दोन उलट्या झाल्या. मग तो बाहेर जायला उठला आणि तंबूची चेन चाचपडत बसला. टॉर्चचा उजेड चेनवरच होता, तरी बोटांना ती सापडेना. बोलणंही जड झालं होतं. फोन लागत नव्हता. शेजारच्या कॅम्पवाल्यांनी गाडी काढली म्हणून निभावलं. उतरताना बातलला फारसा फरक पडला नाही, आणखी खाली छत्रू गाठेपर्यंत उजाडलं आणि तिथे कुठे तो नीट बोलायला लागला.

त्या रात्रीपासून एकच गोष्ट मनात बसली आहे. त्रास झाला की माणसाला खाली न्या, असं सगळे सांगतात. पण चंद्रतालहून खाली जायचं कुठे? एका बाजूला कुंझुम खिंड, ती तर आणखी वर, ४,५५१ मीटर. दुसऱ्या बाजूला बातल, फक्त तीनेकशे मीटर खाली, आणि पुढे दगडधोंड्यांचा, नाल्यांचा रस्ता. म्हणजे तयारी तिथे पोचायच्या आधीच व्हायला हवी.

यंदा शिमल्याकडून जाणार: शिमला, कल्पा, नाको, ताबो, काझ्यात दोन रात्री, मग चंद्रताल. एवढं पुरेल का? नवऱ्याने डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यावी का?

दुसरं, जेवणाचं. गेल्या वेळी पातेल्यात भात लावला. पाणी खळाखळा उकळत होतं, पण शिताच्या पोटात कणी तशीच. डाळ तर शिजलीच नाही. काय न्यावं?

आणि आमचा तंबू इकडच्या उकाड्यासाठी घेतलेला, वरून अर्धा जाळीचा. तो चालेल का?

प्रतिसाद १
ताई, काझा साधारण ३,७०० मीटरवर आहे. तिथून थेट चंद्रताल म्हणजे एका रात्रीत सहाशे मीटरची उडी. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशेहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. मधे लोसरला (सुमारे ४,०८० मीटर) एक रात्र काढा. काझ्यात असताना दिवसा वरच्या लांगझा-कोमिक गावांना फिरून या, झोपायला मात्र खालीच. तलावाच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, २००५ पासून ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. कॅम्प अलीकडे आहेत, तिथेच विचारून जागा घ्या. शेजारी गाडी असणं किती मोलाचं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

जाळीचा तंबू नको. सप्टेंबरात रात्री पारा शून्याखाली जातो आणि दुपारनंतर वारा सुटतो. खालपर्यंत येणारं बाहेरचं आवरण असलेला तंबू घ्या. जमिनीचा गारठा अंगात शिरतो, म्हणून खाली जाड फोमची चटई हवीच.

प्रतिसाद २
त्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कणी राहते. छोटा कुकर न्या. नाहीतर सातूचं पीठ आणि गूळ, शिजवायची गरजच नाही. लहान गॅस डब्यांत नुसता ब्युटेन असेल तर शून्याजवळ तो पेटत नाही. डबा रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. आणि कितीही थंडी वाजली तरी शेगडी तंबूच्या आत पेटवू नका, तिच्यातून निघणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही.

डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच. बीपीची कोणती गोळी चालू आहे आणि सल्फाची ॲलर्जी आहे का, हे आधी सांगा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. लोसर धरलं, त्यासाठी सुट्टी एक दिवस वाढवते. सल्फाचं आम्हाला कोणीच विचारलं नव्हतं, उद्याच डॉक्टरांकडे जातो. तंबूही नवा घेऊ. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, म्हणून दिल्लीपर्यंत विमान न घेता रेल्वेने जायचा विचार होता, पण रेल्वेतही चालत नाहीत असं कळलं. मग शिमल्यात किंवा काझ्यात ते मिळतात का? कोणी अलीकडे घेतले असतील तर सांगा.