श्रद्धेमुळे ‘नाही’ म्हणता आलं, असे अनुभव सांगा

निळीशाई:
काल उपासनेत बायबलमधला नहेम्याचा सहावा अध्याय वाचला आणि जुनं सगळं वर आलं. तो यरुशलेमचा कोट बांधतोय आणि विरोधक निरोप धाडतात, ये, भेटू. चार वेळा. चारही वेळा एकच उत्तर, मोठ्या कामात आहे, येता येणार नाही. सबब नाही, गयावया नाही. मोठी नणंद रात्री उशिरा फोन करायची, सासूबाईंच्या तक्रारी, तासभर. थांबवलं की बायबलचं वचन ऐकवायची, “प्रीती सहनशील आहे ना गं?” शेवटी सांगितलं, “ताई, नऊनंतर मी फोन घेणार नाही. आणि आईंचं आईंशीच बोला.” मत्तय १८ मध्ये तरी काय आहे, ज्याच्याबद्दल तक्रार त्याच्याशी आधी एकांतात बोल. बरेच दिवस अबोला. मग फोन आला, साडेआठला.
तुमचंही लिहा.

मोहरीचादाणा:
साडेआठला 😂😂
माझं मंडळीतच, म्हणजे चर्चमध्ये. गायन मी, रविवारशाळा मी, खुर्च्या मांडणार मीच. पाळकांना म्हटलं आता फक्त रविवारशाळा. “प्रभूच्या कामाला नाही म्हणतेस?” मी प्रेषितांची कृत्ये ६ काढलं. विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर होती, काम चांगलंच होतं, तरी बारा प्रेषितांनी ते अंगावर घेतलं नाही, सात जण निवडायला लावले. पाळक हसले, म्हणाले बरं, मग ते सात जण तूच शोध.

रिकामीघागर:
म्हणजे आठवं काम 🙈

जुनाखांब:
इथ्रोला विसरू नका मंडळी. निर्गम १८. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलाय, लोक ताटकळलेत. सासऱ्याने, या इथ्रोने, तोंडावर सांगितलं, हे बरं नाही, तूही थकशील आणि लोकही. थांबा, दारावर कोणीतरी आलंय

रिकामीघागर:
असा सासरा मिळायला नशीब लागतं काका

पायवाट:
माझं जरा जड आहे. भाऊ पितो. पैसे मागायचा, मी देत राहिले, क्षमा सातच्या सत्तर वेळा करायची ना. मंडळीतल्या एक आजी म्हणाल्या, क्षमा केलीस ना पोरी? मग पैसे कशाला देतेस? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता पैसे हातात नाही. डॉक्टरकडे चल म्हणाला तर मध्यरात्रीही जाईन. पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा बाहेरून काय काय बोलला ते लिहवत नाही. मी आतून कडीवर हात ठेवून उभी. गलतीकरांस ६ मध्ये एकमेकांची ओझी वाहा आहे, आणि दोनतीन ओळींखाली ज्याने त्याने आपला भार वाहावा हेही आहे. दुसरं वचन मला कुणी शिकवलंच नव्हतं.

निळीशाई:
पायवाट, पोटात तुटलं गं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गट असतात, बघ जमलं तर. आणि तो अंगावर आला तर दार उघडू नकोस. वचनं नंतर.

आळशीमार्था:
राग मानू नका, पण हे सगळं थोडं सोयीचं वाटतंय. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर, एक कोस नेलं तर दुसराही चाल, हेही येशूनेच सांगितलंय.

मोहरीचादाणा:
हो पण मार्क १ बघ. येशू पहाटे एकटाच प्रार्थनेला गेलेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो, सगळे तुला शोधताहेत. आणि प्रभू म्हणतो, चला दुसऱ्या गावांत. त्या गर्दीतले कितीतरी आजारी तसेच राहिले असतील. मला ते अजून टोचतं, खरं सांगते.

आळशीमार्था:
टोचायलाच हवं. कारण मार्क ७ पण आहे. आईवडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’, देवाला वाहिलं, म्हणून हात वर करणाऱ्यांना प्रभूने तिथेच झापलंय. आजारी वडिलांकडे वर्षभर न फिरकणारा, ‘मनःशांती जपतो’ म्हणणारा माझ्याच घरात आहे.

पायवाट:
@मार्था हे पटलं. स्वतःला विचारत असते मी, भाऊ वाचावा म्हणून नाही म्हणतेय की सुटका हवी म्हणून. काही दिवस दोन्ही असतं.

रिकामीघागर:
❤️

जुनाखांब:
आलो. दुसऱ्याचंच पार्सल होतं. तर इथ्रो. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमायला सांगितले, फक्त अवघड तंटे मोशेकडे. आणि सल्ला देऊन सासरा आपल्या घरी निघून गेला, हे महत्त्वाचं!

रिकामीघागर:
काका 😂 आमच्याकडच्यांना पाठवते हे