'मेल जात नाही' म्हणजे नक्की काय झालं? बाउन्सला मराठीत काय म्हणावं

दादरला आमच्या संस्थेत जुन्या मशीनवर अजून मटवरच मेल चालतो (मट म्हणजे टर्मिनलमध्ये, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, चालणारा ई-मेल प्रोग्राम), आणि काही बिनसलं की चौघंही एकच वाक्य सांगतात, "मेल जात नाही". त्यांच्यासाठी मराठीत टिपण लिहायला घेतलंय आणि बाउन्सपाशी, म्हणजे पाठवलेला मेल परत येण्यापाशी, अडकलेय. कोणी 'उसळला' सुचवलं, पण उसळतो तो चेंडू, नाहीतर समुद्र. चेकसारखं 'वटला नाही' चालेल का?

- - -

ताई, वटणं पैशाचंच, चेक वटतो, हुंडी वटते, मेलला ते लागणार नाही. आणि बाउन्स हा शब्द टिपणात तसाच ठेवू नका, कारण मटमध्ये बी दाबलं की बाउन्स म्हणजे आलेला मेल जसाच्या तसा दुसऱ्याला पाठवणं, परत येणं नव्हे. आमच्याकडे एकाने 'बाउन्स झाला का बघा' वाचून खरंच बी दाबलं आणि पगाराचा मेल भलत्याच माणसाला गेला.

मला वाटतं आधी 'जात नाही'चीच फोड करायला हवी. खाली 'चाइल्ड एक्झिटेड १२७' असं आलं तर मेल घराबाहेरच पडलेला नाही, सेटिंगमध्ये सेंडमेलचा, म्हणजे मेल बाहेर पाठवणाऱ्या प्रोग्रामचा, जो मार्ग लिहिलाय तिथे तो प्रोग्रामच नाहीये. याला 'रवाना झाला नाही' म्हणा. मेल तसाच समोर असतो, घाबरून बंद करायचं नाही, कॅपिटल पी दाबून बाजूला ठेवायचा. सर्व्हरने उत्तरात ५३५ हा आकडा दिला तर 'ओळख पटली नाही', म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकलाय, आणि जीमेल असेल तर २०२२ पासून नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रामना चालतच नाही, टू-स्टेप (दोन टप्प्यांत ओळख पटवणं) चालू करून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो.

आकडा चारने सुरू झाला, ४५१ वगैरे, तर 'खोळंबला'. मुंबईत हा शब्द कुणाला समजवावा लागत नाही, गाडी रद्द नाही, मागेपुढे येईल. फक्त एक बघा, मटच्या मागे मेल पाठवायला पोस्टफिक्स हा प्रोग्राम असेल तर तो मेल रांगेत ठेवून पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, एमएसएमटीपी या त्याच कामाच्या छोट्या प्रोग्रामला स्वतःची रांगच नाही, तिथे थोड्या वेळाने पुन्हा वाय (पाठवायचं बटण) दाबायचं काम आपलंच.

- - -

माझे वडील जीपीओत सॉर्टिंगला होते म्हणून राहवत नाही. टपालखात्यात रवानगी वेगळी आणि बटवडा वेगळा, बटवडा म्हणजे ज्याचं त्याच्या हातात देणं. किती सुंदर शब्द आहे आणि आपण डिलिव्हरी डिलिव्हरी करत बसतो. परत आलेल्या पाकिटावर शेरा असायचा, 'पत्ता अपुरा', 'घेण्यास नकार', तसंच ५५० म्हणजे बहुतेक वेळा 'या नावाचं इथे कोणी राहत नाही'. (कधीकधी 'तुमच्याकडून घेणार नाही' असाही अर्थ असतो, म्हणून आकड्यापुढचं वाक्य वाचायचंच.) तेव्हा बाउन्सला साधं 'परत आला', आणि सोबत शेरा.

- - -

परत आला आणि फेटाळला यात फरक ठेवा पण. दारातच ५५० मिळाला तर फेटाळला. सर्व्हरने आधी घेतला आणि तासाभराने मेलर-डिमनचं (सर्व्हरनेच आपोआप पाठवलेलं) पत्र आलं तर परत आला. पहिल्यात चूक तिथल्या तिथे दिसते, दुसऱ्यात इनबॉक्स बघेपर्यंत माणूस समजतो की पोचला.

- - -

सगळ्यांचे मनापासून आभार. रवाना, खोळंबला, फेटाळला, परत आला, चारही घेतले, आणि बटवडा तर घेतलाच. आज सकाळी फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "रवाना झाला नाही की परत आला?" पलीकडून दोन सेकंद शांतता, मग उत्तर, "रवानाच नाही, ओळख पटली नाही म्हणतोय." पासवर्ड काल बदलला होता, एमएसएमटीपीच्या फाइलमध्ये जुनाच राहिला होता.